सोया सॉस, स्वयंपाकघर आणि कॅमेरा

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा कंत्राटी कामगारांचे प्रश्न असा काहीतरी विषय मी देईन, अशी त्यांची समजूत झाली असावी. त्या विषयावर मी वर्षाचे तीनशे दिवस बोलत असतो. उरलेल्या दिवसांत मी काय करतो, हे सांगण्याची संधी मला आजवर कोणी दिली नव्हती. ती मी येथे साधून घेत आहे. मी स्वयंपाक करतो, तोही बहुधा जपानी-चिनी जिनसांचा, आणि केलेल्या पदार्थाचे छायाचित्र काढतो. हे ऐकून माझे काही सहकारी गालातल्या गालात हसतात. त्यांच्या हसण्याचे मला वाईट वाटत नाही. परंतु हा नाद मला कसा लागला आणि त्यातून मी काय शिकलो, हे ऐकल्यावर तेही हसणार नाहीत, अशी मला आशा आहे.

आधी कॅमेऱ्याची गोष्ट. सुमारे बारा वर्षांपूर्वी एका कारखान्यात उपाहारगृहातील जेवणाची तक्रार होती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४६ व्या कलमात, अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह ठेवण्याची आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद होती. आमच्या या कारखान्यात उपाहारगृह होते. समिती कागदावर होती. रात्रपाळीला मिळणारी डाळ म्हणजे हळदीचे पाणी. मी एका रात्री आत गेलो, खिशातल्या मोबाइलवर फ्लॅश लावून धडाधड दहा-बारा फोटो काढले आणि विजयी मुद्रेने बाहेर आलो. वाटाघाटीच्या वेळी ते फोटो मेजावर ठेवले. समोरच्या अधिकाऱ्याने एक उचलला, नीट पाहिला आणि शांतपणे विचारले, “यात डाळ पातळ आहे हे कुठे दिसतं?” मीही पाहिले. स्टीलच्या वाटीवर एक पांढरा भपका, त्याच्याखाली पिवळा डाग आणि मागे काळोख. ती डाळ होती की तुपाची वाटी, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. त्या दिवशी आम्ही हात हलवत परत आलो.

आमच्या वस्तीत लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण राहतो. त्याला मी ते फोटो दाखवले. तो म्हणाला, “भाऊ, आधी तो फ्लॅश बंद करा. आणि उजेड कुठून येतोय ते बघायला शिका.” एवढीच माझी शाळा. बाकीचे सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांतून शिकलो, जसे मी कायदाही शिकलो. पुढच्या खेपेस सकाळच्या पाळीला गेलो. वाटी खिडकीजवळच्या मेजावर ठेवली, उजेड बाजूने आणि किंचित मागून येऊ दिला आणि वरून फोटो काढला. त्यात डाळीतून आरपार वाटीचा तळ दिसला. डाळीचे दाणे मोजता येत होते, मी मोजलेही. शेजारी आगपेटी ठेवून पोळीचाही एक फोटो घेतला, म्हणजे तिचा आकार नजरेत भरावा. या वेळी त्या अधिकाऱ्याने बराच वेळ काही विचारले नाही. मग चहा मागवला. महिन्याभरात समिती कागदावरून खाली उतरली.

असा मी या नादाला लागलो. पण हात बसण्यासाठी रोज काहीतरी समोर हवे. घरी जे शिजेल त्याचा फोटो काढू लागलो. पहिला आठवडा आमच्या घरातून सहन करण्यात आले. दुसऱ्या आठवड्यात सौभाग्यवतींनी स्पष्ट सांगितले, “अहो, भाजी गार होतेय. फोटो काढायचा असेल तर स्वतः करा आणि स्वतःच्याच ताटाचा काढा.” मागणी न्याय्य होती. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कढईपुढे उभा राहिलो. त्यात मुलगी तेव्हा पुण्याला जपानी भाषा शिकत होती. जपानी शिकणारी मुले पुण्यात पुष्कळ, त्यामुळे तेथे त्या जिनसाही मिळतात. दिवाळीला येताना तिने एक सोया सॉसची बाटली आणि एक मिसोचा डबा आणला. “बाबा, गाडीवरचा सॉस आणि हा, दोन्ही नुसते बोटावर घेऊन चाखून बघा.” मी चाखले. गाडीवरच्याची चव मीठ, जळका गूळ आणि काहीतरी औषधी. दुसऱ्याची चव आधी खारट, मग किंचित गोड, मग भाजलेल्या धान्यासारखी, आणि ती जिभेवर बराच वेळ रेंगाळली. नाव एक आणि वस्तू दोन, हे कसे, याचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडेना.

तो फरक आपणांस सांगतो, कारण बाजारात तो पैशांत मोजला जातो. खरा सोया सॉस, ज्याला जपानीत शोयू म्हणतात, तो असा होतो. सोयाबीन वाफवायचे. गहू भाजून भरडायचा. दोन्ही एकत्र करून त्यावर ॲस्परजिलस ओरायझी नावाची बुरशी पेरायची. सुमारे तीन दिवस उबेत ठेवले की धान्यावर बुरशीचे अस्तर चढते; यालाच कोजी म्हणतात. ही कोजी मिठाच्या पाण्यात मिसळून मोठ्या पिंपांत सोडायची. बुरशीने तयार केलेले पाचक रस प्रथिनांचे तुकडे करतात, पिठाची साखर करतात. मग यीस्ट आणि आम्ल करणारे जंतू आपापले काम करतात. सहा महिने, कधी वर्ष, कधी त्याहून अधिक. शेवटी तो रगडा कापडात घालून दाबायचा आणि निघालेला रस तापवून भरायचा. दुसरी रीत अशी की सोयाबीनची तेल काढलेली पेंड हायड्रोक्लोरिक आम्लात उकळायची, सोड्याने आम्ल मारायचे आणि रंगासाठी कॅरॅमल घालायचे. प्रथिनांचे तुकडे यातही होतात, पण काही महिन्यांचे काम काही दिवसांत उरकते. स्वस्त बाटल्यांपैकी पुष्कळ या दुसऱ्या रीतीच्या, किंवा दोहोंच्या मिश्रणाच्या असतात. ओळखावयाचे कसे? बाटलीच्या मागचा बारीक मजकूर वाचा. पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढेच असेल तर पहिली रीत. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ आणि कॅरॅमल रंग असेल तर दुसरी. चष्मा लागतो, पण करारनाम्यांची बारीक अक्षरे वाचण्याची सवय असलेल्या माणसाला हे जड नाही.

या शोधात मला एक गोष्ट अशी सापडली की, मी त्या बाटलीकडे नव्याच नजरेने पाहू लागलो. जपानात टोकियोच्या उत्तरेला, चिबा प्रांतात, एदो नदीच्या काठी नोदा नावाचे गाव आहे. तेथला शोयू होड्यांतून नदीमार्गे राजधानीला जाई. १९१७ साली तेथील मोगी आणि ताकानाशी घराण्यांनी आपले कारखाने एकत्र करून नोदा शोयू कंपनी काढली. आज जगभर किक्कोमान या नावाने विकला जाणारा सॉस तो हाच. या कारखान्यांत पूर्वी मजूरभरती मुकादमांमार्फत होई, आपल्या गिरण्यांत जॉबरमार्फत होई तशी. १९२७ च्या सप्टेंबरात तेथील कामगारांनी संप पुकारला. तो १९२८ च्या एप्रिलपर्यंत, दोनशेहून अधिक दिवस चालला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जपानातील सर्वांत लांब संप म्हणून त्याची नोंद आहे. कंपनीने कामगारांना बडतर्फ केले, बदली माणसे आणली; संप फसला आणि बडतर्फ झालेल्यांपैकी बहुतेकांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. आता तारखा पाहा. नोदाचा संप एप्रिल १९२८ मध्ये मोडला आणि त्याच एप्रिलात मुंबईच्या गिरण्यांतला मोठा संप सुरू झाला, जो ऑक्टोबरपर्यंत टिकला आणि ज्यात गिरणी कामगार युनियन जन्माला आली. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेली ही माणसे. आमचे वडील गिरणीत होते; १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली आणि मी शाळा सोडली. जेवणाच्या मेजावरची एक काळी बाटली मला तेथवर नेईल, असे मला वाटले नव्हते. कंपनी पुढे बदलली, कामगारांशी तिचे संबंधही बदलले, हे सांगितले पाहिजे. त्या बाटलीवर माझा बहिष्कार नाही.

असो. आता चुलीकडे वळू. या जिनसांना आपल्याकडे अकारण परके समजले जाते. १९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बु नावाच्या समुद्री शेवाळाच्या कढातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांहून निराळ्या या चवीला उमामी असे नाव दिले. पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो या नावाने बाजारात आले. इकेदांचे सहकारी शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये सुकवलेल्या माशातून त्याच चवीचा दुसरा घटक काढला. आणि हे दोन घटक एकत्र आले की चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते, हे पुढे कळले. आमच्या कोकणातल्या आजीला यांतले काहीच ठाऊक नव्हते. पण वांग्याच्या भाजीत मूठभर सुकट टाकल्यावाचून ती भाजी उतरवत नसे. थायलंडमधल्या बाया कोळंबीचे खारवलेले वाटण घालतात आणि आपण जवळा घालतो; गोष्ट एकच. अजिनोमोटोविषयी एक खुलासा येथेच करतो. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात, चिनी जेवणानंतर मानेत बधिरपणा येतो, असे एक पत्र आले आणि त्यावरून जगभर धास्ती पसरली. नंतर ज्या चाचण्यांत खाणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही त्यात काय आहे हे ठाऊक नव्हते, त्यांत नेहमीच्या प्रमाणात असा परिणाम सातत्याने आढळला नाही. गाडीवरच्या जेवणात भ्यायचेच असेल तर पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाला भ्यावे.

भ्यायची दुसरी गोष्ट मीठ. सोया सॉसमध्ये शंभर भागांत सुमारे सोळा भाग मीठ असते. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे पंधरा मिलिलिटरात, सव्वादोन ते अडीच ग्रॅम मीठ गेले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आमच्या वयात रक्तदाबाची गोळी बहुतेकांच्या खिशात असते. म्हणून माझा नियम असा: सॉस पडला तर मिठाचा डबा उघडायचा नाही, आणि सॉस शेवटी, आच मंद करून घालायचा. आरंभी ओतून खळखळ उकळला तर वास उडतो आणि मीठ तेवढे उरते. मिसोचेही तेच. तो सोयाबीन, कोजी आणि मीठ यांचा मुरवलेला लगदा. चमचाभर मिसो वाटीभर कोमट कढात कालवून भांडे उतरवल्यावर घालायचा. कोम्बु मिळत नसेल तर सुकी शिताके अळंबी पाण्यात भिजत टाका. ते पाणी हाच कढ. शाकाहारी मंडळींनाही ते चालते.

टोफूसाठी मात्र पुण्याची वाट धरण्याची गरज नाही. सोयाबीन आपल्याच मराठवाड्यात आणि विदर्भात पिकते. लातूर तर त्याची मोठी बाजारपेठ. त्यातले बहुतेक गिरणीत जाते, शेकडा अठरा-वीस भाग तेल निघते आणि उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांना जाते. २०२४-२५ साठी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता आणि त्या हंगामात बाजार त्याच्या खालीच राहिला. म्हणजे जे धान्य पिकवणाऱ्याला परवडत नाही, त्याचाच वड्यांच्या आकाराचा टोफू शहरातल्या दुकानात थंड पेटीत बसून महाग होतो. तो घरी करणे पनीर करण्याइतके सोपे आहे. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवा, साले जमतील तितकी काढा, एकूण दोन लिटर पाणी घेऊन मिक्सरमध्ये वाटा आणि धुतलेल्या पंच्यातून गाळा. निघालेले दूध जाड बुडाच्या मोठ्या भांड्यात ढवळत दहा-बारा मिनिटे उकळा. फेस अकस्मात वर चढतो. माझी शेगडी त्यात एकदा विझली आहे. उकळणे टाळू नका, कच्च्या सोयाबीनमधले पचनाला अडथळा करणारे द्रव्य त्यानेच मोडते आणि उग्र वासही जातो. खाली उतरवून पाच मिनिटे थांबा. मग तीन-चार चमचे लिंबाचा रस पाण्यात पातळ करून हळूहळू घाला. जपानी लोक निगारी, म्हणजे मॅग्नेशियमचा क्षार, वापरतात. लिंबाने किंचित आंबटपणा राहतो, तो मला आवडतो. पाणी निवळले की पंच्यात ओतून वीस मिनिटे वजनाखाली ठेवा. उरलेला चोथा फेकू नका. तो थालिपीठात घाला, मात्र थालिपीठ नीट भाजा.

आता या टोफूचा फोटो. पांढरा चौकोन, त्यावर काळा सॉस, तोही स्टीलच्या ताटात. नवशिक्याला रडवायला याहून चांगली जोडी नाही. पहिली गोष्ट, मोबाइलची काच पुसा. स्वयंपाकघरात तिच्यावर फोडणीची वाफ बसते आणि सगळा फोटो धुक्यात गेल्यासारखा होतो. लोक कॅमेऱ्याला दोष देत नवा फोन घेतात. दुसरी, ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा उजेड एका रंगाचा, नळीचा दुसऱ्या रंगाचा. दोन्ही मिसळले की भात हिरवट दिसतो. थेट ऊन नको. ऊन असेल तर खिडकीवर पांढरे धोतर टांगा. उजेडाच्या समोरच्या बाजूला, सावली पडते तेथे, पांढरा कार्डबोर्ड उभा करा. सावली मऊ होते. कॅमेरा मूळचा भाबडा. पांढरे दिसले की तो फोटो अंधारतो आणि टोफू करडा पडतो. काळे दिसले की तो उजळवतो आणि सॉस तपकिरी पाण्यासारखा दिसतो. म्हणून बोटाने पडद्यावर टोफूला स्पर्श करून उजेड किंचित वाढवायचा. ताट सपाट असेल तर सरळ वरून, वाटी असेल तर तिरपे. आणि फार जवळ जाऊ नका, दोन पावले मागे सरून दुप्पट मोठे करून घ्या, नाहीतर जवळची कड फुगते.

स्टीलचा प्रश्न मला कोणत्याही परदेशी पुस्तकात सुटलेला आढळला नाही, कारण त्यांच्याकडे चिनी मातीच्या बश्या. आपल्या ताटात छत दिसते, पंखा दिसतो, आणि वाटीच्या पोटात फोटो काढणाऱ्याचे नाक दिसते. यावर माझा तोडगा असा: ताटाच्या वर आणि मागे पांढरी चादर ताणून धरायची, म्हणजे ताटात फक्त पांढरे उतरते. चादर धरायला घरात माणूस लागतो. ते काम सौभाग्यवती करतात आणि त्या बदल्यात भांडी मी घासतो. हा करार लेखी नाही, पण आजवर पाळला गेला आहे. मिसोच्या कढाची वाफ हवी असेल तर उजेड मागून आणि पार्श्वभूमी गडद. आणि काम अर्ध्या मिनिटात. वाफ कोणासाठी थांबत नाही.

जाहिरातवाल्यांच्या युक्त्या मला माहीत आहेत. भाजीला ग्लिसरीनचे थेंब लावतात. अमेरिकेत एका नामांकित सूपवाल्याने तळाला काचेच्या गोट्या घालून भाज्या वर आणल्या होत्या आणि १९७० च्या सुमारास तेथल्या सरकारी आयोगाने त्याला तसे न करण्याचे कबूल करायला लावले. मी गोट्या घालत नाही, यात माझे मोठेपण नाही. ज्या उजेडात माझा टोफू देखणा दिसतो, त्याच उजेडात त्या उपाहारगृहातली डाळ पातळ दिसली होती. एका ठिकाणी लबाडी केली तर दुसऱ्या ठिकाणी माझा फोटो कोण मानील? माझा टोफू कधी फुटतो, कडा चुरतात. तोही फोटो मी ठेवतो, तारीख घालून.

अलीकडे मी धाडस केले आणि मिसोच घरी मुरत घातला. येथे एक इशारा. कोजीची बुरशी घरच्या ओलसर भिंतीवर किंवा शिळ्या भातावर वाढवण्याचा प्रयोग कोणी करू नये. तिच्यासारखीच दिसणारी तिची रानटी बहीण, ॲस्परजिलस फ्लेव्हस, खराब शेंगदाण्यावर येते आणि तिच्या विषाने यकृताला अपाय होतो. मी तांदळावरची तयार कोजीच मुलीकडून मागवली. शिजवून ठेचलेले सोयाबीन, तितक्याच वजनाची कोजी आणि एकूण वजनाच्या शेकडा तेरा भाग मीठ असे मळून, पोकळी न राहील असे दाबून चिनी मातीच्या बरणीत भरले. वर मिठाचा थर, त्यावर वजन. भरली ती गुढीपाडव्याला. थंड देशात याला वर्ष लागते, आमच्या ठाण्याच्या उकाड्यात लवकर होईल, म्हणून दसऱ्याला उघडण्याचा बेत आहे. तोवर दर पंधरा दिवसांनी बरणी खिडकीशी आणतो, झाकण काढतो, सकाळी साडेआठला त्याच जागी ठेवून एक फोटो घेतो आणि परत अंधारात ठेवतो. आजवर तीन झाले. पहिल्यात रंग भिजल्या चणाडाळीचा आहे. तिसऱ्यात कडेने किंचित बदामी झाक आली आहे, असे मला वाटते. सौभाग्यवती म्हणतात की ती चादरीची सावली आहे.